लग्नाआधीची नागीण

कातडीच्या डॉक्टरकडे कुणी धावत येत नाही. छातीत कळ आली की माणसाला रिक्षात घालून नेतात; पण अंगावर काही उठलं तर आधी शेजारणीला दाखवतात, मग मेडिकलवाल्याला, मग गावाकडच्या मावशीला फोटो पाठवतात. मावशी सांगेल ते लावून होतं. हळद, लिंबू, टूथपेस्ट, एकदा तर गाडीचं ग्रीससुद्धा. मूळ रोग कुठला आणि उपचाराने झालेला कुठला, हे ओळखता येईनासं झालं की मग आमच्या बाकावर येऊन बसतात आणि म्हणतात, "काही नाही ओ डॉक्टरबाई, जरा खाज आहे."

धारवाडात तीस वर्षांहून जास्त काळ मी हे काम केलं. आधी सरकारी दवाखान्यात, मग बाजारामागच्या गल्लीत स्वतःच्या दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत शांतक्का बसायच्या. नंबर देणं आणि केसपेपर लिहिणं हे त्यांचं काम. पण पेशंट उंबऱ्यात असतानाच निदान करून टाकणं हेही त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं होतं. "बर्री, कूड्री," म्हणजे या, बसा, असं म्हणत पेशंटला बाकावर बसवायच्या आणि आत येऊन माझ्या कानाशी एकच शब्द टाकायच्या, "गजकर्ण." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. त्याचा आनंद मानावा की धास्ती घ्यावी हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

शांतक्कांचं सगळ्यात आवडतं निदान म्हणजे नागीण. कन्नडात तिला सर्पसुत्तु म्हणतात, म्हणजे सापाचा वेढा. बरगडीवरून पाठीकडे, एकाच बाजूला, पाण्याने भरलेले बारीक फोड पट्ट्यासारखे उठतात. आग आग होते, सदरा घासला तरी माणूस कळवळतो. आमच्याकडचा पक्का समज असा, की नागिणीचं तोंड आणि शेपूट अंगाभोवती फिरून एकमेकांना भेटलं की माणूस गेला. म्हणून गावाकडे तिच्या दोन्ही टोकांना गेरू फासून वाट अडवतात. एक आजोबा तर पाठीवर गेरूचा अख्खा नाग काढून घेऊन आले होते, डोळे आणि दुहेरी जीभ यांच्यासकट. चित्र इतकं देखणं होतं की पुसायला माझा हात धजेना.

खरं तर यात सापही नाही आणि शापही नाही. लहानपणी कांजिण्या येतात, फोड सुकतात, आई कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घालते आणि सगळे समजतात की आजार गेला. तो जात नाही. त्याचे विषाणू मणक्याशेजारी नसांच्या मुळांपाशी झोपून राहतात, वीस वर्षं, पन्नास वर्षं. अंगातली राखण, म्हणजे प्रतिकारशक्ती, ढिली पडली की कुठेतरी ते जागे होतात आणि एका नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतात. या नसा मणक्यापासून डावीकडे वेगळ्या आणि उजवीकडे वेगळ्या निघतात. म्हणून नागीण छातीच्या मधल्या रेषेशी येते आणि बहुधा तिथेच थांबते. तोंड आणि शेपूट भेटण्याची सोय निसर्गाने केलेली नाही.

मी शिकत होते तेव्हा हा म्हाताऱ्यांचा आजार समजला जायचा. वय झालं की राखण ढिली पडतेच. पण पुढे पुढे माझ्या बाकावर तिशीच्या आतली माणसं नागीण घेऊन बसलेली दिसू लागली. तरुणांना ती खरंच जास्त होऊ लागली, की पूर्वीही व्हायची पण ते गावातच गेरू लावून घ्यायचे, ते मला सांगता येणार नाही. एक मुलगी आठवते. सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी धारवाडात खोली घेऊन राहिलेली. चहा आणि बिस्किटांवर दिवस काढायची, झोपायची चार तास. कपाळावर नागीण उठली. तिला मी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण तिथली नागीण डोळ्यात उतरू शकते. रक्त तपासलं, सगळं ठीक. "मग मला का झाली?" तिने रडत विचारलं. मी म्हटलं, झोप नाही, खाणं नाही, काळजी आहे, त्याने झाली असेल. ‘असेल’ या शब्दावर तिचं समाधान झालं नाही. माझंही कधी होत नाही. पण तरुणपणातल्या नागिणीचं कारण शोधताना पुष्कळदा शेवटी हाच शब्द हातात उरतो.

एकदा मात्र पक्कं कारण सापडलं. ते सापडण्याआधी माझ्या हातून जे झालं ते आजही मनाला खातं. म्हणून ही हकिगत लिहिते आहे. नावं बदलली आहेत आणि ज्यांची ही हकिगत आहे त्या दोघांनीही लिहायची परवानगी दिली आहे.

परशराम सत्तावीस वर्षांचा. अळणावरजवळच्या गावातला, आईवडील शेती करणारे. तो धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रीची. राहायला धारवाडातच, केलगेरीत खोली. त्याला दवाखान्यात घेऊन आल्या शकुंतलाबाई. या त्याच्या होणाऱ्या बायकोच्या, भारतीच्या, आत्या. त्यांनीच हे लग्न जुळवलेलं आणि त्याच्या खोलीपासून दोन घरं टाकून त्या राहत. त्यामुळे जावयाची जबाबदारी त्यांनी लग्नाआधीच ताब्यात घेतली होती.

शांतक्का आत येऊन म्हणाल्या, "सर्पसुत्तु. लग्नाचा नवरा आहे." आजार आणि पेशंट दोन्ही एका दमात.

पाठोपाठ ते दोघे आले. परशरामने तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी सुरुवात केली. "चार दिवस छातीत दुखालंय म्हणतोय. मी म्हटलं हार्ट असेल. ईसीजी काढला, चांगला आला. मग गॅस म्हटलं. ओवा दिला. आज हे फोड उठले. डॉक्टरबाई, लग्न तीन आठवड्यांवर आलंय!"

नागीण अशीच फसवते. दुखणं आधी येतं, फोड मागून. मी सदरा काढायला लावला. डाव्या बाजूला, पाठीपासून बगलेखालून छातीपर्यंत पट्टा उठला होता.

आत्याबाई वाकून बघत म्हणाल्या, "तोंड कुठल्या बाजूला आहे हिचं?"

"कुणाचं?"

"नागिणीचं ओ."

मी टेबलावरचं पेन घेतलं आणि परशरामच्या छातीच्या मधोमध गळ्यापासून बेंबीपर्यंत सरळ रेघ ओढली. "ही वेस. ही ओलांडून ती पलीकडे जात नाही. गेलीच तर मला लगेच फोन करा." आत्याबाईंनी रेघ नीट पाहून घेतली. परशराम हसला आणि हसताना कळवळला. अंगाने चांगला भरलेला, गाल वर आलेले, गोल चेहरा. खाणावळीचं जेवण मानवलंय, असं मला वाटलं.

"कुठल्या गोळ्या वगैरे चालू आहेत?"

"नाही ओ बाई." उत्तर जरा लवकरच आलं. तेव्हा ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी आत्याबाईंना बाहेर बसायला सांगितलं. आत उरलो मी आणि परशराम. आता इथे माझ्या आवाजाविषयी सांगायला हवं. सरकारी दवाखान्यात तीन पेशंट एकदम बोलत असताना चौथ्याला ऐकू जावं म्हणून तो वाढला, आणि पुढे कमी झालाच नाही. माझ्या दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, पडदा होता.

मी म्हणाले, "एचआयव्हीची तपासणी करून घे." मग म्हणाले, "संशय म्हणून नव्हे. तरुण वयात नागीण झाली की आम्ही ही तपासणी सगळ्यांनाच सुचवतो, साखरेचीही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

पडद्यापलीकडे पहिलं वाक्य पोचलं. पुढची ऐकायला आत्याबाई थांबल्याच नाहीत.

परशरामला मी दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, सात दिवस. त्याने मोबाइलला पाच गजर लावले. नंतर त्याने सांगितलं, की मशीनवर असताना गजर वाजला की शेजारचे दोघे जेवणाची सुट्टी झाली समजून हात धुवायला निघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतक्का नेहमीसारखं निदान न सांगता माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्याही केलगेरीच्याच.

"बाई, आमच्या गल्लीत बोलतात, भारतीच्या होणाऱ्या नवऱ्याला एड्स झालाय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी पडद्याकडे पाहिलं. शांतक्कांनीही पाहिलं. दोघींना सगळं कळलं.

दुपारी भारतीचे वडील आले. तहसील ऑफिसातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना अप्पा म्हणत. माझे जुने पेशंट. खुर्चीवर ताठ बसून म्हणाले, "डॉक्टरबाई, मी सरळ माणूस आहे. त्या मुलाला तो रोग आहे की नाही, एवढंच सांगा."

"मला सांगता येणार नाही, अप्पा."

"म्हणजे आहे."

"असं मी म्हटलं नाही."

"म्हणजे नाही."

"तसंही म्हटलं नाही."

एकाच फायलीवर दोन उलटे शेरे दिसावेत तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "पेशंटची गोष्ट मी दुसऱ्याला सांगत नाही. उद्या तुमच्याविषयी कुणी विचारायला आलं तर त्यालाही मी हेच सांगीन." अप्पांच्या एका अडचणीच्या तक्रारीवर मी दोन वर्षं औषध देत होते. कुठल्या, ते इथेही लिहिणार नाही. त्यांना ती आठवली असावी. त्यांचा ताठा जरा उतरला.

"बरोबर आहे तुमचं," ते उठत म्हणाले. "पण मी मुलीचा बाप आहे. रविवारपर्यंत वाट बघतो. नाहीतर कार्यालयवाल्याला नको म्हणून कळवतो."

ते गेल्यावर मी परशरामला फोन लावला, लागला नाही. सांगायचं तरी काय होतं? माझ्या घशामुळे तुझं लग्न मोडायला आलंय, असं?

तिसऱ्या दिवशी नंबर आला एका मुलीचा. साडी, खांद्याला पर्स, हाताची बोटं खडूने पांढरी झालेली. शांतक्का आत येऊन म्हणाल्या, "कोंडा म्हणतेय." आणि थांबून पुढे म्हणाल्या, "कोंडा नाही."

मुलगी बसली. मी केस बाजूला करून पाहिलं. इतकं स्वच्छ डोकं मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"कुठे आहे कोंडा?"

तिने पदराने बोटांवरचा खडू पुसला. मग म्हणाली, "मी भारती. उणकलकडच्या शाळेत गणित शिकवते. शाळेतून सुट्टी घेऊन आलेय."

मला वाटलं, आता हीसुद्धा तोच प्रश्न विचारणार. पण तिने विचारलं, "त्यांना खूप दुखतंय का? फोनवर काही नाही म्हणतात. पण बोलताना मध्येच श्वास रोखतात."

तीस वर्षांत नातेवाइकांनी मला कितीतरी प्रश्न विचारले. हा सगळ्यात कमी वेळा विचारला गेलेला. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि, हो, हळू आवाजात म्हणाले, "त्याच्याविषयी मी काही सांगणार नाही. पण नागिणीविषयी गावातल्या कुणालाही सांगू शकते. ऐकायचंय?"

मी तिला सगळं सांगितलं. कांजिण्या, नसा, झोपलेले विषाणू. फोडांतल्या पाण्याला हात लागला तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला त्या होऊ शकतात, खपल्या धरल्या की ती भीती जाते. तरुणपणी झाली तर आम्ही कारण शोधतो. झोप, ताण, साखर, काही औषधं, आणि हो, एचआयव्हीसुद्धा. आणि पुष्कळदा काहीच सापडत नाही. गणिताची शिक्षिका ती. तिने विचारलं, "म्हणजे नागीण झाली म्हणून तो रोग आहे, असं उलटं म्हणता येत नाही?"

"नाही म्हणता येत."

"आत्याला हे कसं समजावू?" ती स्वतःशीच म्हणाली आणि मोबाइल काढला. "साखरपुड्यात आत्याच सगळ्यात पुढे होती. हे बघा."

फोटोत आत्याबाई मध्ये होत्या, एका बाजूला भारती आणि दुसऱ्या बाजूला एक सडपातळ मुलगा. गालफडं बसलेली, मानेची हाडं दिसणारी. मी म्हटलं, "हा कोण? त्याचा भाऊ?"

"नाही ओ, हेच की ते!"

"कधीचा फोटो?"

"पाच महिने झाले असतील."

मी फोटो बोटांनी मोठा केला. पाच महिन्यांत माणूस जाड होतो, पण सगळीकडून होतो. परवा पाहिलेला चेहरा चंद्रासारखा गोल होता, आणि हातपाय मात्र फोटोतल्यासारखेच बारीक. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि खाणावळीच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. कातडीच्या डॉक्टरचं सगळं भांडवल म्हणजे नजर. त्या दिवशी ती नजर नागिणीच्या पट्ट्यावरून हललीच नव्हती.

शांतक्कांना मी परशरामला पुन्हा फोन लावायला सांगितला. या वेळी लागला. पहिली पाळी होती, सुटल्यावर थेट येतो म्हणाला. भारती बाकावर बसून राहिली. जा म्हटलं तरी गेली नाही. चारच्या सुमाराला परशराम आला आणि तिला बघून दारातच थबकला. मी त्याला आत घेतलं. शांतक्कांनी न सांगता मोबाइलवर भजन लावलं, आवाज पूर्ण मोठा करून.

"गोळ्या कुठल्या घेतोस?" मी विचारलं.

"तुम्ही दिलेल्याच की ओ."

"त्याआधीच्या."

बाहेर टाळ वाजत होते. मग त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात एक बारीक पांढरी गोळी आणि एक गुलाबी. नाव नाही, पाकीट नाही. बसस्टॉपजवळच्या एका दुकानात जाड होण्याच्या गोळ्या म्हणून मिळत होत्या. कारखान्यातल्या दोस्ताने सांगितलेलं. चार महिने, सकाळ-संध्याकाळ.

"का रे बाबा?"

"साखरपुड्यात आत्याबाई म्हणाल्या, ‘मुलगा चांगला आहे, पण सदरा हँगरला अडकवल्यासारखा दिसतो.’ सगळे हसले. भारतीसुद्धा हसली." त्याने गोल गालांवरून हात फिरवला. "गोळ्या घेतल्यावर मस्त भूक लागायला लागली. गाल आले. आत्याबाईच म्हणाल्या, आता शोभतोस."

अशा पुडीत बहुधा स्टेरॉइड असतं, आणि सोबत भूक वाढवणारी दुसरी गोळी. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. मी स्वतः कितीतरी जणांना मोजून-मापून दिलं आहे, त्याने माणसं वाचतात. पण न विचारता महिनोन्महिने घेतलं की चेहऱ्यावर सूज चढते, लोकांना ती तब्येत वाटते, आणि आतली राखण मात्र ढिली पडत जाते. मग एखाद्या नसेपाशी झोपलेलं जे असतं ते उठतं.

"आता आजपासून बंद," तो म्हणाला.

"मुळीच नाही! एकदम बंद केलंस तर चक्कर येऊन मशीनवर पडशील. इतके दिवस बाहेरून मिळालं म्हणून तुझ्या शरीराने स्वतःचं बनवणं सोडून दिलंय. हळूहळू कमी करत आणायचं." हुबळीच्या एका फिजिशियन मित्राला मी तिथूनच फोन केला आणि तसा तक्ता ठरवला. मग विचारलं, "रक्त दिलंस?"

"नाही."

"का?"

"भीती वाटालीय ओ बाई. मी कधी तसं वागलो नाही. पण गल्लीत सगळे बोलायला लागल्यावर मलाच वाटायला लागलं, असेल की काय. रिपोर्ट वाईट आला तर भारतीला काय तोंड दाखवू?"

तेव्हा मी त्याची माफी मागितली. पडद्याचं सांगितलं, माझ्या आवाजाचं सांगितलं. त्याने पुडीची घडी पुन्हा घातली. मग म्हणाला, "तुम्ही माझ्या चांगल्यासाठीच बोलत होता." हे ऐकायला शिव्यांपेक्षा जड गेलं.

"भारतीला गोळ्यांचं मी सांगू की तू सांगतोस?"

तो उठला आणि बाहेर गेला. शांतक्कांनी भजन बंद केलं, अर्थात ऐकायला मिळावं म्हणून.

भारतीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाड नवरा पाहिजे असं मी कधी म्हटलं?"

"आत्याबाई..."

"लग्न आत्याशी करायचंय का तुम्हाला?"

"तूही हसलीस की त्या दिवशी."

"हसले," ती म्हणाली. "चुकलंच माझं. चला आता, रक्त द्यायला. मी पण देते."

"तू कशाला?"

"तुम्ही एकट्याने दिलंत तर लोक म्हणतील, का दिलं. दोघांनी दिलं तर म्हणतील, हल्ली लग्नाआधी देतात."

शांतक्का उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत कुठल्याही पेशंटसाठी त्या उठलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या दोघांना लॅबचा रस्ता दाखवायला थेट चौकापर्यंत गेल्या.

दोघांचे रिपोर्ट चांगले आले. परशरामची साखर तेवढी थोडी वाढलेली, तीही पुढे गोळ्या कमी होत गेल्या तशी उतरली.

रविवारी अप्पांच्या घरी बैठक ठरली. भारतीचा फोन आला. "डॉक्टरबाई, तुम्ही याच. पण आधी त्यांना बोलू द्या." मी गेले आणि कोपऱ्यात बसले. परशरामने दोन्ही रिपोर्ट अप्पांसमोर ठेवले आणि शेजारी ती पुडी. गोळ्या का घेतल्या, ते त्याने हँगरसकट सांगितलं. आत्याबाईंकडे न बघता.

अप्पांनी रिपोर्ट दोनदा वाचले. पाठपोट वाचले. मग बहिणीकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "मी आपलं गमतीनं म्हटलं होतं." पदर सावरून त्या पुन्हा म्हणाल्या, "आणि ते दुसरं... मी फक्त वहिनीला सांगितलं होतं."

"आणि तुझ्या वहिनीने आणखी कुणाला सांगितलं नसेल!" अप्पा म्हणाले. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

तेव्हा मी बोलले. अर्धं वाक्य माझ्याकडून निसटलं, अर्धं आत्याबाईंनी पसरवलं, आणि मधल्या मध्ये हा मुलगा भाजला, असं म्हटलं. आत्याबाईंचे डोळे भरून आले. त्या उठून परशरामजवळ गेल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवायला म्हणून. नेमका डाव्या बाजूला. तो असा किंचाळला की शेजारचे गॅलरीत आले. मग मात्र सगळ्यांना हसू फुटलं, आत्याबाईंनाही, आणि अप्पा म्हणाले, "कार्यालय ठरलंय तेच. चहा टाका."

लग्न ठरल्या दिवशी लागलं. गोळ्या नुकत्याच कमी होऊ लागल्या होत्या, पण सूज तेवढ्यानेही बरीच उतरली होती, आणि गोल मापावर शिवलेला कोट अंगावर लोंबत होता; शिंप्याने मागून टाचण्या लावल्या होत्या. खपल्या पडून गेल्या होत्या, पण नागिणीचं दुखणं मागे रेंगाळतं. हार डाव्या बाजूला घासू नये म्हणून भारती सगळा वेळ तो हाताने उचलून धरून उभी होती. फोटोग्राफर हात खाली घ्या म्हणत राहिला, तिने घेतला नाही.

एक गोष्ट मात्र तिथे पाहिली. अफवा जितक्या झटपट पसरली तितक्या झटपट मागे फिरली नव्हती. परशराम पेढे वाटत आला तेव्हा केलगेरीच्या दोन बायकांनी हात मागे घेतले. मी पाहिलं. त्यानेही पाहिलं. शांतक्का पुढे झाल्या, दोन पेढे उचलले, एक तिथेच खाल्ला आणि दुसरा त्या दोघींपैकी एकीच्या हातात ठेवून तिच्यासमोर उभ्या राहिल्या, तिने तोंडात घालेपर्यंत. माझ्या दवाखान्यात मात्र पुढच्याच आठवड्यात सुतार आला. पडद्याच्या जागी दार बसलं. ते आधी बसायला हवं होतं.

मग सहा-सात महिन्यांनी बेलूरच्या त्या कारखान्यातून मला बोलावणं आलं. कामगारांसमोर आरोग्यावर बोलायचं होतं. जेवणाच्या हॉलमध्ये शे-दीडशे पोरं, बहुतेक तिशीच्या आतली. मी नागिणीचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, मग जाड होण्याच्या गोळ्यांवर आले. विचारलं, "इथे कोण कोण घेतं?" एकही हात वर झाला नाही. सगळे एकमेकांकडे बघून हसत होते.

मागच्या रांगेतून परशराम उठला. पुन्हा साखरपुड्याच्या फोटोतल्यासारखा झाला होता, मानेची हाडं दिसत होती. बोलायची सवय नव्हती, सुरुवातीला अडखळला. मग त्याने सगळं सांगितलं. हँगर, आत्याबाई, पुडी, फोड, केलगेरीतली अफवा. पोरं खो-खो हसली, मग हळूहळू गप्प झाली. शेवटी तो म्हणाला, "ज्यांच्या खिशात पुडी आहे त्यांनी आज एकदम बंद करू नका. बाई खाली टेबलापाशी बसतील. त्यांना दाखवा, त्या सांगतील तसं सोडा."

मी टेबलापाशी जाऊन बसले. पाच मिनिटं कुणी आलं नाही. मग एक आला, इकडेतिकडे बघत. त्याच्यामागे दुसरा. बघता बघता रांग दारापर्यंत गेली. परशराम माझ्या शेजारी उभा होता. रांगेत पहिला होता त्याने पुडी टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात उचलला नाही. माझ्याकडे न बघता त्याने परशरामला विचारलं, "सोडल्यावर परत बारीक होणार की रे?"

"होणार," परशराम म्हणाला. "मी झालो की. बायको कुठं सोडून गेली?"

त्याने पुडीवरचा हात काढला. मी कागद पुढे ओढला आणि त्याला नाव विचारलं, हळू आवाजात.